शब्द टाकणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवते. कारखाना सासऱ्यांनी सुरू केलेला. ते थकले तशी मी त्यांच्या खुर्चीवर बसायला लागले. कोरुगेशनचं एक मशीन, स्लॉटिंगचं एक, स्टिचिंगची दोन आणि अकरा माणसं, एवढाच आमचा पसारा. बेदाणा, हळद, फरसाण, पंपाचे सुटे भाग, ज्याला ज्या मापाचं खोकं लागेल ते आम्ही करून देतो. आज मात्र मी बोलणार आहे ते सांगली-मिरजेत छोट्या धंदेवाल्यांच्या ज्या बैठका भरतात, ज्यांना आता सगळेच नेटवर्किंग मीटिंग म्हणतात, त्यांच्याबद्दल.

पहिल्यांदा गेले तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. विश्रामबागेत एका हॉटेलचा वरचा हॉल, वेळ सकाळी सातची. म्हणजे घरचा स्वयंपाक, मुलाचा डबा, सासऱ्यांची औषधं हे सगळं त्याआधी उरकायचं. मी चारला उठले होते. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, त्यात बायका मोजून तीन. प्रत्येकानं उभं राहून एका मिनिटात आपला धंदा सांगायचा, मिनिट झालं की घंटा. माझी पाळी आली. मी म्हणाले, "आमच्याकडे सर्व प्रकारची खोकी, सर्व मापांत, वाजवी दरात मिळतील." टाळ्या झाल्या, मी बसले. पोहे-चहा झाला. पर्समध्ये तीसेक कार्डं घेऊन घरी आले. महिनाभर वाट पाहिली, एकाही माणसाचा फोन आला नाही.

तिसऱ्या बैठकीनंतर जिन्यात एका काकांनी मला थांबवलं. मिरजेच्या एमआयडीसीत त्यांचा स्प्रिंगचा कारखाना आहे, वय सत्तरीच्या घरात. म्हणाले, "वहिनी, एक विचारू का? तुमचं बोलणं ऐकून मी उद्या फोन कुणाला लावू, सांगा बघू." मला काहीच सुचेना. ते म्हणाले, "सर्व प्रकारची खोकी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं कुणीच येत नाही ओ. एक माणूस माझ्या डोळ्यांपुढं उभा करा, मग मी फोन लावतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण काय विकतो हे मला माहीत होतं. कुणाची अडचण सोडवतो, याचा विचार मी इतक्या वर्षांत केलाच नव्हता.

पुढच्या मंगळवारी मी दोन खोकी घेऊन गेले. बेदाणा आपल्याकडे पंधरा किलोच्या खोक्यात भरतात आणि महिनोन्‌महिने शीतगृहात ठेवतात. तिथली हवा दमट. पुठ्ठा ओल धरतो, मऊ पडतो, थप्पीतलं सगळ्यात खालचं खोकं बसतं आणि मग अख्खी थप्पी कलते. शीतगृहात काम केलेल्या कुठल्याही हमालाला विचारा, तो सांगेल. मी एक साधं खोकं आणि एक आमचं, पाच पदरी, वरचा कागद जड आणि ओल न धरणारा गम घातलेलं, अशी दोन्ही रात्रभर ओल्या पोत्यांत गुंडाळून ठेवली होती. सगळ्यांसमोर दोन्हींत पंधरा-पंधरा किलो भरलं आणि उचलून दाखवलं. साध्या खोक्याचा तळ सुटला. मी म्हणाले, "दुसरं आम्ही बनवतो. तासगाव रस्त्यावरच्या एखाद्या शीतगृहाच्या मालकाशी मला दहा मिनिटं बोलायचंय. कुणाची ओळख आहे का?"

तीन हात वर झाले. त्यातला एक हात कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचा होता. शीतगृहं म्हणजे त्याचं रोजचं जाणं-येणं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तिथूनच फोन लावला. "ताई, मालक शेजारीच आहेत, बोला." ते गिऱ्हाईक आजही माझ्याकडे आहे.

या बैठकांत 'रेफरल' हा शब्द फार चालतो. आपल्या भाषेत त्याला फार जुना आणि जास्त नेमका शब्द आहे, शब्द टाकणं. "तुमच्यासाठी मी शब्द टाकतो" असं कुणी म्हणतं तेव्हा तो नुसता फोन नंबर देत नसतो. तो स्वतःची पत मधे घालत असतो. तुम्ही माल खराब दिलात तर बट्टा त्याला लागतो. म्हणून मला वाटतं, कार्डं वाटत फिरणं आणि शब्द टाकणं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हे आपल्या जिल्ह्याला कुणी परक्यानं येऊन शिकवायला नको. विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथली किती माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत! सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारी ही आपली माणसं. गावातला पोरगा आधी चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानी जातो, भट्टीपुढं बसून काम शिकतो आणि चार-सहा वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकतो. तिथला सराफ त्याला ओळखत नसतो. तरीही तो लाखांचं सोनं त्याच्या हाती देतो, कारण मामानं शब्द टाकलेला असतो. कुठला करार नाही, कुठली घंटा नाही. हिशेब मात्र एकदम कडक असतो. एका पोरानं गडबड केली तर अख्ख्या गावाचं नाव जातं.

बेदाण्याच्या बाजाराचंही तसंच. दिवाळीच्या सुमाराला तासगाव-सांगलीत सौदे काही काळ थांबतात. मागची येणी-देणी पुरी करायची, ज्याला बाजारात झिरो पेमेंट म्हणतात ते करायचं, आणि मगच पुन्हा सौद्याला बसायचं. ही शिस्त बाजारानं स्वतःच स्वतःला लावून घेतली आहे. आणि किर्लोस्करवाडीचं काय? बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला. तिथं १९१० साली कारखाना उभा राहिला. नांगर बनवणाऱ्या माणसावर एका राजानं विश्वास टाकला आणि त्या निवडुंगाच्या माळावर गाव वसलं.

आताच्या गटांची रीत थोडी वेगळी आहे. बीएनआय म्हणून जो गट जगभर आहे, तो १९८५ साली अमेरिकेत आयव्हन मिस्नर यांनी सुरू केला. एका गटात एका धंद्याचा एकच माणूस, दर आठवड्याला बैठक, आणि कुणी कुणाला किती काम मिळवून दिलं याची नोंद. आपल्या महाराष्ट्रात माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे. याशिवाय व्यापारी संघटना, एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटना, जातीपातीचे आणि गावकीचे गट आहेतच. काहींची वर्गणी चांगलीच मोठी असते. ती भरण्याआधी पाहुणे म्हणून एक-दोन वेळा जाऊन बघा, बहुतेक ठिकाणी जाऊ देतात. माझ्या मते बघण्यासारखी गोष्ट एकच. बैठक संपल्यावर माणसं लगेच पांगतात, की जिन्यात, पार्किंगमध्ये बोलत उभी राहतात?

काही कार्यक्रम मला मनापासून खटकतात, तेही सांगते. दोन तासांच्या कार्यक्रमात सव्वा तास हार-तुरे, दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण. ज्याला काम हवंय तो मागच्या रांगेत, ज्याला सत्कार हवाय तो व्यासपीठावर. आणि बायकांसाठी म्हणून वेगळा दिवस काढायचा आणि तिथं फक्त लोणची-पापडाचे स्टॉल लावायचे, हेही मला पटत नाही. लोणचं करणारी बाई माझ्याइतकीच उद्योजक आहे. पण तिला ज्या बरणीवाल्याशी, टेम्पोवाल्याशी, किराणा दुकानदाराशी बोलायचंय, ते सगळे दुसऱ्या हॉलमध्ये बसलेले असतात. सकाळी सातची वेळही बदलायला हवी. आमच्या गटात मी हे मांडलं, वर्षभर मांडत राहिले. आता महिन्यातली एक बैठक दुपारी तीनला असते आणि त्या दिवशी बायका तीनवरून अकरावर गेल्या आहेत.

माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. एका ट्रान्सपोर्टवाल्यासाठी मी शब्द टाकला होता. माणूस गोड बोलायचा, बैठकीत न चुकता यायचा. त्याचं काम मात्र मी स्वतः कधी घेतलेलं नव्हतं. माझ्या शब्दावर एका हळद पावडरवाल्यानं त्याला माल दिला. ऐन पावसात ताडपत्री न घालता गाडी निघाली. चाळीस पोती भिजली. हळद भिजली की तिचं काय होतं, हे सांगलीकरांना मी काय सांगणार. नुकसानीची रक्कम मी भरायला गेले, तर हळदवाले दादा म्हणाले, "पैसे राहू देत ताई. पुढच्या वेळी नाव सांगताना एवढंच सांगा, याचं काम मी बघितलंय का नुसतं ऐकलंय." तेव्हापासून मी प्रत्येक वेळी हे दोनातलं एक सांगतेच. ऐकलेलं असेल तर ऐकलंय म्हणून सांगते.

दुसरा अनुभव पैशाचा. एका मोठ्या गिऱ्हाइकानं माझं बिल सात महिने अडकवलं. कागदाच्या मिलला मला रोख द्यावं लागतं आणि माझे पैसे तिकडं पडून. मी रडकुंडीला आले होते. बैठकीत हे बोलायचीही लाज वाटायची, कारण तिथं सगळे आपलं चांगलंच सांगतात. शेवटी बोलले. तर आमच्या गटातल्या सीए ताईंनी विचारलं, "उद्यम नोंदणी आहे ना तुमची?" छोट्या उद्योगांची ही सरकारी नोंदणी होती, सासऱ्यांच्या मागं लागून मीच केलेली. त्या म्हणाल्या, मग कायदा तुमच्या बाजूनं आहे.

हे नीट ऐका, कारण अनेकांना माहीतच नसतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात असं आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगानं माल दिला आणि लेखी करार असेल, तर पैसे देण्याची मुदत जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांचीच ठेवता येते. करार नसेल तर पंधरा दिवस. पुढं जेवढा उशीर होईल त्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियमही आला आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च गिऱ्हाइकाला वजावटीत धरता येत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका. नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार असेल तर उद्यम नोंदणी होते, पण उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मी भांडायला गेले नाही. ताईंनी लिहून दिलेलं साधं, सभ्य पत्र पाठवलं, त्यात कलमांचा उल्लेख होता. तीन आठवड्यांत पैसे आले. त्या बैठकीनंतर आणखी चौघं हळूच येऊन म्हणाले, "आमचंही अडकलंय हो." एवढ्या वर्षांत कुणी एकमेकांना सांगितलंच नव्हतं.

२०१९ चा ऑगस्ट महिना. आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती. आमचा कारखाना कुपवाडला, उंचावर, त्यामुळे आम्ही वाचलो. गटातल्या एका प्रिंटिंग प्रेसवाल्यांचं गोदाम मात्र जुन्या गावात, तळमजल्यावर. पाणी चढतंय म्हटल्यावर त्यांनी रात्री साडेदहाला आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकली, "कागद हलवायचाय, कुणाचा टेम्पो आहे का?" पहाटेपर्यंत चार टेम्पोंच्या खेपा चालल्या. स्प्रिंगवाले काका स्वतः सत्तरीत रिमं उचलत होते. सगळा कागद माझ्या शेडमध्ये आला. पुढचे दीड महिने माझी माणसं त्यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत काम करत होती. प्रेसवाले मला भाडं देऊ लागले, मी घेतलं नाही. त्यानंतर आमच्या खोक्यांवरची छपाई दुसऱ्या कुणाकडं गेलेली नाही.

आता ज्यासाठी आज मी मुद्दाम बोलायला आले, ते सांगते. जत तालुक्यातली एक मुलगी गेल्या मंगळवारी आमच्या बैठकीला पाहुणी म्हणून आली होती. ज्वारी-बाजरीच्या कडक भाकरी करते, घरच्या आणि शेजारच्या मिळून सहा बायका आहेत. भाकरी बरेच दिवस टिकतात, पण वाटेत मोडतात. मोडू नयेत म्हणून आतून खाचा असलेलं चपटं खोकं मी तिला करून दिलंय, जत ते कुपवाड एसटीच्या टपावर ठेवून आणून बघितलं, चोवीसातली एकच भाकरी मोडली. तिच्या हातची भाकरी मी खाल्ली आहे, तिच्या घरी जाऊन चूल बघितली आहे. हे ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे.

मिरजेत दवाखान्यांच्या आसपास जतकडून, विजापूरकडून आलेली पेशंटची माणसं आठ-आठ दिवस राहतात आणि हॉटेलचं खाऊन कंटाळतात. तिथला एखादा दुकानदार तिला हवा आहे. एकच, फार नाही. दर आठवड्याला पन्नास खोकी ठेवून घेईल असा. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या कानावर एवढं घाला. मंगळवारी दुपारी तीनला ती पुन्हा येणार आहे, येताना भाकरी घेऊन येईल.

नमस्कार.