स्लाय स्टोनचा १९७१ चा अल्बम इतका गढूळ का वाजतो?

नमस्कार मंडळी! आजचा अल्बम पहिल्यांदा ऐकलात तर स्पीकर बिघडलाय की काय, अशी शंका येईल. स्लाय स्टोन या गायकाच्या स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडचा 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' (म्हणजे 'दंगल सुरू आहे'), नोव्हेंबर १९७१. फंकमधला, म्हणजे ठेक्यावर नाचवणाऱ्या त्या अमेरिकन संगीतातला, सगळ्यात धाडसी अल्बम कोणता विचाराल, तर मी याचंच नाव घेईन.

बँड सॅन फ्रान्सिस्कोचा. काळे-गोरे, बायका-पुरुष सगळे एकत्र, आणि बायका नुसत्या कोरसला नाहीत: सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेट वाजवायची. १९६९ साली वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात यांनी भल्या पहाटे झोपाळलेल्या गर्दीला नाचायला लावलं. गाण्यांत उमेद ठासून भरलेली.

आणि मग हा अल्बम. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन गेलेली, व्हिएतनामचं युद्ध सुरूच, स्लाय नशेच्या पुरता आहारी गेलेला. ड्रमर ग्रेग एरिकोने १९७१ मध्ये बँड सोडला.

आता इथे नीट कान द्या. स्लायने काय केलं, तर माएस्ट्रो ऱ्हिदम किंग नावाचं छोटं ड्रम मशीन, म्हणजे ठेका वाजवणारं यंत्र, वापरायला घेतलं. बटण दाबलं की त्यात भरलेला ठरावीक ठेका सुरू. एकट्या वादकाला साथ म्हणून असली यंत्रं निघाली होती. 'फॅमिली अफेअर' लावा: मागे ती कोरडी टिकटिक, वर बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो, बॉबी वोमॅकची गिटार आणि स्लायचा जड, पुटपुटता आवाज. गाणं घरातल्या दोन भावांचं. एक शिकून शहाणा झालेला, दुसरा वाया गेलेला, आणि आईचा जीव मात्र दोघांवर सारखाच. हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं! ड्रम मशीनवरची जी मोजकी गाणी सुरुवातीच्या काळात हिट झाली, त्यातलं हे एक.

आता तो गढूळपणा. बरीचशी वाद्यं स्लाय स्वतःच, एकावर एक रेकॉर्ड करत होता. वाजवायचं, पुसायचं, त्याच टेपवर पुन्हा वाजवायचं. टेप वारंवार घासली गेली की वरचे, चमकदार स्वर आधी मरतात आणि खरखर वाढत जाते. एखाद्या इंजिनियरने हे सगळं साफ करून दिलं असतं, तर मला वाटतं अल्बमचा जीवच गेला असता. बंद खोलीत बसलेल्या, थकलेल्या माणसाचा आवाज आहे हा, आणि तो तसाच ऐकू यायला हवा.

कव्हरवर अमेरिकेचा झेंडा आहे, पण निळ्याच्या जागी काळा रंग आणि ताऱ्यांच्या जागी सूर्य. ज्या गाण्यावरून अल्बमचं नाव, त्याची लांबी शून्य मिनिटं, शून्य सेकंद. दंगली व्हायलाच नकोत म्हणून ते गाणंच नाही, असं स्लायने पुढे सांगितलं.

आणखी एक नक्की करून बघा. 'थँक यू' हे त्यांचं १९७० च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर पोचलेलं गाणं आधी ऐका. त्यात बँडच्या लॅरी ग्रॅहमची बास गिटार आहे, अंगठ्याने तारेवर ठोकलेली. ही पद्धत त्याला या बँडमध्ये येण्याआधीच सापडली होती: आईबरोबर वाजवताना ड्रमर नसायचा, म्हणून तो अंगठ्याने बास ड्रमची (मोठ्या, जड आवाजाच्या ड्रमची) आणि तार ओढून स्नेअरची (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची) उणीव भरून काढायचा. लगेच त्यापाठोपाठ या अल्बमचं शेवटचं गाणं लावा. तेच गाणं, तेच शब्द, पण लय इतकी उतरवलेली की सात मिनिटं ते पाय ओढत चालतं. हेडफोन लावून ऐका, आणि दोन्हींपैकी कोणतं जास्त खरं वाटलं ते कमेंटमध्ये सांगा.