कोल्ह्याचा कंदील, अळिवाचा किल्ला

(म्युनिक. संध्याकाळचे साडेपाच, पण बाहेर मिट्ट काळोख. ओल्या रस्त्यावरून रंगीत कंदिलांची रांग येते आहे. आधी नुसते कंदील, मग ते धरलेले छोटे हात.)

आज १० नोव्हेंबर २०२३. साताऱ्यात आता रात्रीचे दहा वाजले असतील. आईनं दारात दिवा लावून कधीच जेवणं उरकली असतील. आज धनत्रयोदशी.

आणि माझी पाच वर्षांची लेक इथे, टोपी-हातमोजे घालून, काठीला टांगलेला कंदील सांभाळत चालली आहे. तिच्या किटाची, म्हणजे बालवाडीची, ही संत मार्टिनची मिरवणूक. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला स्वार आहे. मुलं कंदिलांची गाणी म्हणत त्याच्यामागून जातायत.

मार्टिन हा रोमन सैन्यातला शिपाई. फ्रान्समधल्या आमियाँ गावाच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिननं तलवारीनं आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याच्या अंगावर घातला. पुढे तो तूर शहराचा बिशप झाला. ३९७ साली ११ नोव्हेंबरला त्याचं दफन झालं, म्हणून त्याचा सण या तारखेला. मिरवणूक संपली की मुलांना हंसाच्या आकाराची गोड बिस्किटं मिळतात. ती एकट्यानं खायची नसतात. मोडून अर्धं शेजारच्याला द्यायचं.

लेकीनं तिचं अर्धं तीन वर्षांच्या भावाला दिलं. शेपटीकडचं. डोकं तिनं स्वतःकडे ठेवलं.

(किटातलं टेबल. कात्री, पातळ रंगीत कागद, डिंकानं माखलेली बोटं.)

हा कंदील तिनं स्वतः केला आहे. कोल्ह्याचा. किटामध्ये तीन आठवडे त्याचंच काम चाललं होतं. रोज थोडं फाडायचं, चिकटवायचं, वाळू द्यायचं. एक कान वाकडा झालाय, तो बाईंनी सरळ केला नाही. मला हे फार आवडलं. माझ्या हातून तो कान नक्की सरळ केला गेला असता.

गेल्या वर्षीची आमची दिवाळी सांगते. २०२२ साली लक्ष्मीपूजन सोमवारी आलं. इथे त्या दिवशी सुट्टी नाही. किटा, ऑफिस, सगळं रोजच्यासारखं. म्हणून आम्ही शनिवारच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलो. मोठा हॉल, नवे कपडे, मुलांचे नाच, जेवण, निघताना मुलांच्या हातात भेटीची पिशवी. सगळं प्रेमानं केलेलं होतं. परत येताना गाडीत लेकीनं विचारलं, "आई, आज कोणाचा वाढदिवस होता?"

मी उत्तर दिलं, राम, अयोध्या, नरकासुर, सगळं सांगितलं. पण रात्री झोप लागली नाही. तिचं काय चुकलं होतं? हॉल, नवे कपडे, केक नाही एवढंच. त्या दिवाळीत तिनं एकाही गोष्टीला हात लावला नव्हता. चकल्या विकतच्या, कंदील भारतातून आणलेला, घडीचा. तिच्या वाट्याला फक्त तयार होऊन बसणं आलं होतं.

(खिडकीच्या कट्ट्यावर अंड्याचं रिकामं टरफल. त्यात कापूस, कापसावर हिरवी कोवळी रोपं.)

यंदा ईस्टरला ती किटातून हे घेऊन आली. टरफलावर डोळे, तोंड रंगवलेलं आणि केसांच्या जागी हिरवा तुरा. इथली मुलं ईस्टरच्या आधी क्रेसऽ नावाचं बी कापसावर पेरतात. मी सहज एक पान तोंडात टाकलं. तिखट, मोहरीसारखं. उरलेल्या बियांची पुडी उघडून पाहिली, तर लालसर, लांबट, ओल्या बोटाला लगेच बुळबुळीत लागणारं बी. अळीव! माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं ज्याचे लाडू वळून खाऊ घातले, तेच हे अळीव.

आणि साताऱ्यात दिवाळीच्या किल्ल्यावर गवत उगवावं म्हणून आम्ही मातीत काय टाकायचो? अळीव नाहीतर मोहरी.

ती पुडी मी दिवाळीसाठी जपून ठेवली.

(बाल्कनी. कुंडीच्या मातीची दोन पोती, पुठ्ठ्याचे खोके, बासमतीचं रिकामं पोतं. फोन बादलीला टेकवून ठेवलाय. पडद्यावर आबा.)

यंदा किल्ला करायचा. कोणता, यावर चर्चाच झाली नाही. अजिंक्यतारा. आबांच्या अंगणातून तोच दिसतो.

रविवारी सकाळी आबा फोनवर बसले ते दोन तास हलले नाहीत. "आधी पायथा रुंद घे बाळा, नाहीतर ढासळतोय बघ." लेकीला 'पायथा' कळलं नाही. आबांनी उठून स्वतःच्या पायावर हात ठेवून दाखवलं. त्या सकाळी तिला बुरूज, तटबंदी, चोरवाट हे शब्द मिळाले. धाकट्यानं फक्त 'चिखल' उचलला आणि दिवसभर तोच म्हणत राहिला. मराठीच्या वर्गात मी हेच शब्द तिला चित्रं दाखवून शिकवायला गेले असते, तर ती जांभया देत बसली असती.

पोतं चिखलात भिजवून वर पसरलं. त्यावर अळीव भुरभुरलं. शिखरावर महाराजांची मातीची मूर्ती, साताऱ्याहून कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेली. चौथ्या दिवशी किल्ला हिरवा झाला.

आकाशकंदीलही घरीच केला. कामट्यांसाठी बागेच्या दुकानातल्या बांबूच्या काड्या चालल्या. खळ कणकेची, झिरमिळ्या लेकीनं कापलेल्या, एकही दुसरीएवढी नाही.

(१२ नोव्हेंबर, पहाट. न्हाणीघरात वाफ. वाटीत उटणं.)

नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान. सूर्य उगवायला सव्वासात होतात, त्यामुळे सूर्योदयाआधी उठणं इथे सोपं. कारीट मिळत नाही, आम्ही रसभरी फोडली. अंगठ्याखाली चिरडायला धाकट्याला फार मजा आली. फटाके नाहीत. जर्मनीत मोठे फटाके वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतच विकतात. फुलबाज्या मात्र केव्हाही मिळतात. इथले लोक त्या नाताळात लावतात, आम्ही आज लावल्या.

संध्याकाळी लक्ष्मीपूजनानंतर बाल्कनीत आकाशकंदील लागला. लेक आत गेली आणि कोल्ह्याचा कंदील घेऊन आली. "याला पण इथेच लाव, आई." आकाशकंदिलाच्या खाली, झिरमिळ्यांच्या शेजारी, मी तो बांधला. खालून जाणाऱ्या एका आजींनी थांबून वर पाहिलं आणि हात हलवला.

(डिसेंबर. फिरत्या कॅमेऱ्यात पांढरं शहर. थांबलेल्या ट्राम.)

१ आणि २ डिसेंबरला म्युनिकमध्ये ४४ सेंटिमीटर बर्फ साठलं. डिसेंबरमधला हा शहराचा विक्रम. विमानतळ बंद पडला. बाल्कनीत किल्ला होता तिथे नुसता पांढरा उंचवटा उरला.

३ तारखेला ॲडव्हेंटचा पहिला रविवार. नाताळापर्यंतचे चार रविवार मोजायला हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर दर आठवड्याला एक मेणबत्ती वाढवत न्यायची. ही रीत हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिश विशर्न यांनी १८३९ मध्ये सुरू केली. त्यांच्या आश्रमातली गरीब मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या मांडल्या. आमच्या चक्राला लेकीनं स्वतः तोडलेल्या डहाळ्या आहेत, तारेनं बांधलेल्या.

पहिली मेणबत्ती लावायच्या आधी ती एकदम बाल्कनीकडे पळाली. "महाराज बाहेरच राहिले!"

कोपरापर्यंत हात घालून तिनं बर्फ उकरलं. खाली अळिवाचं पिवळं पडलेलं गवत लागलं, मग बुरूज, मग मूर्ती. एक कोपरा भिजून मऊ झाला होता. तिनं ती टॉवेलनं टिपली आणि हीटरच्या जवळ, चक्राशेजारी ठेवली. मग आबांना फोन लावला.

"थंडी लागली का गं राजांना?" आबांनी विचारलं.

"थोडीशी," ती म्हणाली. "आता वाळतायत."