कुणाला आधी कळतं?

श्रोतेहो, नमस्कार.

प्रसारमाध्यमांचा इतिहास म्हटलं की लोक गुटेनबर्गपासून सुरुवात करतात. १४५५ च्या सुमारास त्यानं छापलेलं बायबल, मग वर्तमानपत्रं, मग तार, मग आपला हा रेडिओ. क्रम बरोबर आहे आणि तो तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे मी त्यात वेळ घालवत नाही. बातमी किती वेगानं जाते हे सगळे सांगतात. ती कुणाला आधी कळते, हे मला सांगायचंय. कुणाला आधी कळते. एवढं ध्यानात असू द्या, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे.

विजेची तार येण्याच्या पन्नास वर्षं आधी फ्रान्समध्ये तारेविना तार होती. क्लोद शाप नावाच्या गृहस्थानं उंच बुरुजांची रांग उभी केली. प्रत्येक बुरुजावर एक खांब, त्यावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखी लाकडी यंत्रणा. हात वळवले की वेगवेगळ्या आकृत्या व्हायच्या. शेजारच्या बुरुजावरचा माणूस दुर्बिणीतून ती आकृती बघायचा, तशीच आपल्या खांबावर करायचा आणि ती पुढच्याला दिसायची. १७९४ साली पॅरिस ते लील ही पहिली ओळ सुरू झाली. धुकं पडलं की काम बंद, रात्र झाली की काम बंद.

बुरुजावरच्या माणसाला आकृतीचा अर्थ ठाऊक नसे. संकेतांची वही फक्त मोठ्या ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांकडे. आणि ही सगळी सोय फक्त सरकारसाठी. व्यापाऱ्यानं पैसे मोजले तरी त्याचा निरोप कुणी घेत नसे.

आता फ्रान्समधल्याच बोर्दो शहरात या. तिथल्या बाजारात सरकारी कर्जरोख्यांचे सौदे व्हायचे, पण भाव ठरायचा पॅरिसमध्ये, आणि तो टपालाच्या घोडागाडीतून कित्येक दिवसांनी पोचायचा. भाव वाढला की पडला हे ज्याला आधी कळेल, त्याची चांदी. फ्रान्स्वा ब्लाँ आणि त्याचा भाऊ तिथेच सौदे करत. १८३४ साली या दोघांनी विचार केला, की सरकारी बुरुज रोज आपल्या डोक्यावरून निरोप नेतात, त्यात आपलाही एक चिमूटभर का जाऊ नये?

पॅरिसमधला त्यांचा माणूस भाव बघून वाटेतल्या तूर गावी एक पार्सल पाठवायचा. पार्सलात कोणती वस्तू आहे, यावरून भाव वर की खाली हे कळायचं. तूरच्या बुरुजावरचा एक कर्मचारी त्यांनी पैसे देऊन फोडला होता. तो सरकारी निरोपात मुद्दाम एक चुकीची आकृती घालायचा आणि लगेच ‘मागचं खोडा’ ही खूण करायचा. चूक आणि खोडाखोड, दोन्ही इमानेइतबारे बुरुजामागून बुरुज पुढे जायच्या. बोर्दोत अधिकारी निरोप उतरवताना ती चूक गाळून टाकायचा. कुणाला काही कळायचं नाही. पण बोर्दोजवळ ब्लाँ बंधूंचा एक माणूस दुर्बीण लावून बसलेला असायचा. त्याला ती चूकच हवी असायची!

बरं, तूरच का? कारण तूरला निरोप उलगडून, चुका काढून, स्वच्छ करून पुढे धाडत. चूक तूरच्या अलीकडे घातली असती तर तिथेच गळाली असती. म्हणून ती तूरच्या पुढे घालायची. तूरला मुद्रितशोधक बसलेला होता म्हणा ना. (आमच्या वर्तमानपत्रांतून हा माणूस आधी गेला, मग ऱ्हस्वदीर्घ गेलं, आणि आता मथळ्यात मेलेला माणूस बातमीत ‘प्रकृती स्थिर’ असतो. असो.)

हे दोन वर्षं बिनबोभाट चाललं. १८३६ मध्ये तो फुटलेला कर्मचारी आजारी पडला. आपल्या जागी धंदा चालू ठेवावा म्हणून त्यानं एका मित्राला गुपित सांगितलं, आणि मित्रानं ते पोचवलं अधिकाऱ्यांकडे. १८३७ साली तूरमध्येच खटला उभा राहिला. पण आरोप ठेवायचा कोणता? सरकारी निरोप तर जसाच्या तसा पोचला होता. खासगी माणसानं अशी खूण पाठवू नये असा कायदाच नव्हता. ब्लाँ बंधू सुटले. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सनं कायदा केला: सरकारी परवानगीशिवाय अशा खुणांनी निरोप पाठवला तर कैद आणि दंड. खटला आधी, कायदा मागाहून.

फ्रान्स्वा ब्लाँचं पुढे काय झालं म्हणाल, तर त्यानं जुगाराचे अड्डे काढले आणि १८६३ नंतर मॉन्टे कार्लोचा कॅसिनो नावारूपाला आणला. त्याच्या स्वभावाला तो धंदा शोभला, असं माझं मत.

वेळ थोडा उरलाय. तारेनं बुरुज मोडीत काढले, पण कुणाला आधी कळतं हा प्रश्न तसाच राहिला. १८५० साली जर्मनीतलं आखेन आणि बेल्जियममधलं ब्रसेल्स यांच्यामध्ये अजून तार ओढलेली नव्हती. पुढे रॉयटर्स ही वृत्तसंस्था काढणाऱ्या पॉल ज्युलियस रॉयटर यांनी त्या मोकळ्या टप्प्यात कबुतरांकडून शेअर बाजाराचे भाव नेले; आगगाडीपेक्षा कबुतरं आधी पोचत. तार जोडली गेली, कबुतरांचं काम संपलं, आणि १८५१ मध्ये रॉयटर लंडनला गेले. त्याच वर्षी इंग्लिश खाडीखालून केबल पडली, आणि पॅरिसचा भाव लंडनला त्याच दिवशी मिळू लागला. म्हणजे, ज्यानं पैसे भरले होते त्याला.

नमस्कार.