स्प्रिंग सावकाश सोडा

नमस्कार श्रोतेहो. आज एका मशीनबद्दल बोलायचंय. रिफॉर्मर असं त्याचं नाव. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो अरुंद पलंगच वाटतो. लांबट चौकट, तिच्या आत रुळांवर पुढं-मागं सरकणारी गादीची पाटी, पाटीला खालून अडकवलेल्या चार-पाच स्प्रिंगा, पाय टेकायला आडवा दांडा आणि हातापायांत घालायला दोरीचे पट्टे. यावर करतात तो व्यायाम म्हणजे रिफॉर्मर पिलाटेस. पुण्या-बेंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकी घरी फोटो पाठवतात, आणि मग त्यांच्या आया माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला विचारतात, "हे आम्हाला जमंल काय ओ?"

जमेल. आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर जमेल.

मशीन पलंगासारखं दिसतं त्यामागं एक हकीकत सांगतात. हा व्यायाम काढणारा जोसेफ पिलाटेस हा जर्मन माणूस, जन्म १८८३ चा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी पिडलेला. पुढं व्यायामानंच शरीर कमावलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला पकडून छावणीत ठेवलं. तिथं अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाटांना त्यानं स्प्रिंगा बांधल्या आणि पडल्या पडल्या त्यांच्याकडून हातपाय हलवून घेतले, असं म्हणतात. नंतर १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला, जोडीदार क्लारासोबत व्यायामशाळा काढली, आणि दुखापत झालेले नर्तक-नर्तकी तिथं येऊ लागले. मुद्दा एवढाच, की या व्यायामाची ख्याती दुखऱ्या शरीरांनी वाढवली आहे.

आपल्या बेळगाव भागाला व्यायाम नवा नाही. कंग्राळी, येळ्ळूरकडच्या गावांत तालमी आहेत, जोर-बैठकांचा घाम लाल मातीत मुरलेला आहे. पण तालमीत गेले ते गडी. वडगाव-शहापूरच्या विणकर घरातली बाई, निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून विड्या वळणारी बाई, खानापूर तालुक्यात भाताच्या लावणीला चिखलात वाकलेली बाई, यांच्या वाट्याला श्रम भरपूर आले, व्यायाम आलाच नाही. "आम्हाला कशाला व्यायाम, दिवसभर कामच करतो की," असं त्या म्हणतात. काम एकाच बाजूला, एकाच वाकात होतं. काही स्नायू राबून राबून आखडतात, आणि पोटाचे आतले स्नायू, कुल्ले, पाठीचा वरचा भाग ढिले पडतात. बँकेत संगणकापुढं बसणाऱ्याचंही तेच. फक्त खुर्ची मऊ असते.

आता हे मशीन नेमकं काय करतं? पाठीवर झोपायचं, तळपाय दांड्याला लावायचे आणि ढकलायचं. पाटी सरकते, स्प्रिंग ताणते. इथवर सगळ्यांना जमतं. खरी मेहनत परत येताना. स्प्रिंग पाटीला ओढून नेऊ बघते, आणि तुम्ही तिला आवरत, श्वास घेत, सावकाश जागेवर आणायचं. आवाज करून पाटी आदळली तर ती खेप फुकट गेली असं मी म्हणते. आवरताना स्नायू लांबत लांबत भार पेलतो. जिना उतरताना मांडीला हेच करावं लागतं. भरलेली घागर खाली ठेवताना पाठीला हेच करावं लागतं. चढताना दुखत नाही, उतरताना गुडघा बोलतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना म्हणूनच मी हा व्यायाम सुचवते. उभ्यानं बैठका मारताना अंगाचं सगळं वजन गुडघ्यावर येतं. इथं तुम्ही आडवे असता, आणि भार किती ते स्प्रिंगा ठरवतात. एक काढा, एक लावा.

यात एक गंमत आहे. स्प्रिंगा कमी केल्या की व्यायाम सोपा होईल असं वाटतं. काही प्रकारांत उलटं होतं. जाड स्प्रिंग पाटीला धरून ठेवते, तुम्हाला आधार देते. हलकी स्प्रिंग लावली की पाटी डळमळते आणि पोटाला स्वतःच तोल धरावा लागतो. धडधाकट पोरं इथं थरथरतात. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू.

बायकांशी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जाणं. कितीजणी हे वर्षानुवर्षं सोसतात आणि लग्नाकार्याला जायचं टाळतात! ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात ते कमकुवत झाल्यानं हे होतं, आणि व्यायामानं ते बळकट करता येतात. पिलाटेसमध्ये श्वास सोडताना हे स्नायू आत-वर उचलायला शिकवतात. पण त्रास असेल तर आधी फिजिओकडून ते स्नायू नीट ओळखायला शिका, मग मशीनवर या. चुकीचे स्नायू दाबून काही उपयोग नाही.

कंबरदुखीचं काय? पिलाटेसवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१५ साली झाला. जुन्या कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा पिलाटेसनं दुखणं कमी होतं, असं त्यात दिसलं. दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असं मात्र ठरलं नाही. म्हणजे ज्याला सूर्यनमस्कार मानवतात त्यानं ते सोडून इकडं धावायचं कारण नाही. वजन उतरवायला म्हणून कोणी येत असेल तर निराशा होईल. यात धाप फारशी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. दुसरा भाग रिफॉर्मर भागवेल. पहिल्यासाठी सकाळी बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून भरभर चालायलाच हवं.

आठवड्यातून दोनदा, तीनदा पुरे. महिनाभर रोज करून मग सोडून देण्यात अर्थ नाही. मशीन महाग आहे, गावोगावी मिळणार नाही. यातले बरेच प्रकार सतरंजीवरही होतात, पण नवख्याला सतरंजी अवघड जाते, कारण तिथं स्प्रिंगचा आधार नसतो.

ज्यांची हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालंय त्यांनी मान-पाठ पुढं गोल वळवण्याचे प्रकार टाळायचे. मणक्याचं हाड चेपू शकतं. कंबरेतून पायात कळ जात असेल, पोटात बाळ असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच यायचं. आणि शिकवणाऱ्यानं तुमच्या दुखण्याखुपण्याची चौकशी न करताच झोपवलं तर उठून या.

पहिल्या दिवशी सगळ्यात जपायचं ते चढता-उतरताना. स्प्रिंग लावलेली नसेल तर पाटी पायाखालून सर्रकन निघून जाते. आधी स्प्रिंग लावली का बघा, दांडा हातानं धरा, मग बसा. साडी चालणार नाही, काठ रुळात अडकतो; सलवार किंवा ट्रॅकपॅंट घाला आणि तळाला रबरी ठिपके असलेले मोजे. आणि जेवून लगेच येऊ नका, दोनेक तास जाऊ देत.

नमस्कार.