क बाद केला आणि ब जिंकला

[पडद्यावर: नकाशा. त्यावर तीन रेघा: अ, ब, क]

अतिवेगवान रेल्वेचा नवा मार्ग कुठून न्यायचा, हे अशा पर्यायांतून निवडावं लागतं. ताशी ३०० किलोमीटर वेगाला सुमारे ४ किलोमीटर त्रिज्येचं वळण लागतं. त्यामुळे मध्ये वस्ती आली, पाणथळ जागा आली, की रूळ जरा बाजूला घेऊ, असं इथे चालत नाही. एक ठिकाण टाळायचं तर कित्येक किलोमीटरची रेघ हलते. चढ मात्र ही गाडी सहज घेते. १९८१ साली खुल्या झालेल्या पॅरिस-ल्यों मार्गावर हजारी ३५ पर्यंत, म्हणजे हजार मीटरला ३५ मीटरपर्यंत, चढ ठेवले, आणि बोगदा खणावाच लागला नाही.

निवडीत आधी चाळणी. वळण, चढ किंवा संरक्षित जंगलाची हद्द यांत न बसणारा मार्ग तिथेच बाद. कमी गुण देऊन तो यादीत ठेवला, तर बेरजेत त्याची स्वस्ताई हा दोष झाकून टाकते.

मग निकषांचे भार, म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व. गणितज्ञ थॉमस साटी यांच्या एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) या निर्णयपद्धतीत निकषांची जोडीजोडीनं, १ ते ९ अंकांत तुलना होते. समजा, खर्च वेळेच्या ३ पट महत्त्वाचा ठरला आणि वेळ पर्यावरणाच्या २ पट. मग खर्च पर्यावरणाच्या ६ पटींच्या आसपास यायला हवा. तज्ज्ञांनी तिथे 'दोन्ही सारखेच' लिहिलं, तर विसंगतीचं गुणोत्तर ०.३२ येतं. मर्यादा ०.१० ची. असा तक्ता त्यांच्याकडे परत जातो. आणि बोगद्यांची लांबी हा वेगळा निकष करू नये. ती खर्चात एकदा मोजलेलीच असते.

[पडद्यावर: तक्ता. अ: खर्च १००, वेळ ६० मिनिटं. ब: ९०, ७० मिनिटं. क: २००, ७५ मिनिटं]

सगळ्यात मोठा घोळ होतो तो गुणांच्या पट्टीत. प्रत्येक निकषात सर्वांत चांगल्या मार्गाला १, सर्वांत वाईटाला ०. खर्चाला ६० टक्के भार, वेळेला ४०. अ ला ०.९५ गुण, ब ला ०.७३. आता कुणालाच नको असलेला क काढून टाका. अ ०.४०, ब ०.६०! अ आणि ब यांच्यात काहीच बदललेलं नाही, बदलली ती क च्या टोकाला बांधलेली पट्टी.

म्हणून पट्टीची टोकं आधीच ठरवायची: खर्च ८० ते २००, वेळ ५० ते ८० मिनिटं. मग क असो वा नसो, अ ०.७७ आणि ब ०.६८ वरच राहतात. त्यानंतर भार हलवून पाहायचे. इथे खर्चाचा भार ८० टक्क्यांच्या वर गेला, तरच ब पुढे जातो. निर्णय घेणाऱ्यांसमोर क्रमवारीच्याही आधी हा ८० चा आकडा ठेवा.