रेघेखालची अक्षरे

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका घरात पाककृतींची ही जुनी वही आहे. पुठ्ठा सुटला आहे आणि पानापानावर तेलाचे डाग आहेत. तिच्यात पुरणपोळी आहे, उंधियू आहे आणि या शहराची ओळख बनलेली शेवउसळही आहे. भाषा सगळी मराठी आहे. मात्र नीट पाहिले तर सुरुवातीच्या पानांवरची अक्षरे रेघेला लटकलेली दिसतात, पुढे ती रेघ मधेमधे तुटू लागते आणि शेवटच्या पानांवर अजिबात उरत नाही. लिहिणाऱ्या आजी घरी बालबोध म्हणजे देवनागरी लिपी शिकल्या आणि शाळेत गुजराती. स्वयंपाकाच्या घाईत हाताला जे सोपे गेले, ते वहीत उतरले.

गुजराती लिपीला शिरोरेघ नाही. ‘ळ’ मात्र आहे, त्यामुळे मराठी मजकूर तिच्यात कुठे अडत नाही.

गायकवाडांच्या कारभारातील मराठी कागद मोडी लिपीत लिहिले जात. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरामागून अक्षर गुंफत जाई. शब्दांमध्ये मोकळी जागा नसे, विरामचिन्हे नसत. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. बालबोधात क्रम उलटा, म्हणजे आधी शब्द आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. शाळा बहुतांशी गुजराती असल्याने बिनरेघेचे वळणही घरोघरी पोहोचले. अक्षर पाहून माणसाची शाळा सांगता यावी, अशी ही स्थिती होती.

मोबाइलवर रेघ कोणालाच ओढावी लागत नाही. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा तुकडा डोक्यावर घेऊनच येते आणि शेजारच्या अक्षराला जोडले जाते. टंकलेखन यंत्रातही हेच होते, पण ते कचेरीत असे. मोबाइल खिशात आला आणि किराण्याच्या यादीपासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत सगळे त्यात गेले. त्यातही अनेक मोबाइलवर पाकळीच्या ‘ल’ऐवजी हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो आणि तो आपला नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. गंमत अशी की २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. मोडी आता टंकता येते. वाचणारे तेवढे शोधावे लागतात.

हाताने लिहिताना मेंदूत काय घडते, याचा एक अभ्यास नॉर्वेतील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ संवेदक लावून केलेल्या या नोंदींत, टंकताना आढळले त्यापेक्षा लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील जोडण्या अधिक व्यापक दिसल्या. मात्र त्या विद्यार्थ्यांना एकाच बोटाने टंकायला सांगितले होते आणि त्यांच्या किती लक्षात राहिले, हे तपासलेच नव्हते. म्हणून या निष्कर्षाचा आधार घेऊन मुलांच्या हातातील मोबाइल काढून घेण्याची घाई आम्ही करणार नाही. शिवाय हा प्रयोग कागदावर झालाच नव्हता. विद्यार्थ्यांनी डिजिटल लेखणीने पडद्यावर लिहिले होते. हाताचे वळण आणि कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात येते.

आजींची नात इंग्रजी शाळेत जाते. वहीची पाने सुटू लागल्याने तिने त्यांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. शेवउसळीचे पान मात्र ती नव्या वहीत हाताने उतरवते आहे. शेवटच्या पानांवरची बिनरेघेची अक्षरे तिला लागत नाहीत, तेव्हा आजी शेजारी बसून वाचून दाखवतात. नात आधी पूर्ण ओळ लिहून काढते आणि मग पट्टी ठेवून, शब्दांमधल्या मोकळ्या जागांवरूनही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढते.