जेल नेलपॉलिश: खरी गडबड काढताना होते

नमस्कार मंडळी, लग्नसराई सुरू झाली की पार्लरमध्ये जेल नेल्सची अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं, आणि त्यासोबत तोच प्रश्न येतो, अगं जेलने नखं खराब होतात का गं? तर आज त्याच्यावरच बोलूया.

आधी चांगलं सांगते, कारण उगाच घाबरवणारे खूप आहेत. साधी नेलपॉलिश भांडी घासली, कणिक मळली की दोन दिवसांत टवके उडते, जेल नीट लावलं तर दोन आठवडे आरामात टिकतं. जेल कडक करायच्या लॅम्पखालून हात बाहेर काढला की लगेच पर्समध्ये घाला, काही पुसलं जात नाही. ज्यांना नखं खायची सवय आहे त्यांना तर याचा खरंच फायदा होतो, कारण तो थर दातांनी सहज तुटत नाही. फक्त हळदीच्या कार्यक्रमाला फिकट रंग लावून जाऊ नका बाई, पिवळा पडतो मग पार्लरवालीच्या नावाने खडे फोडता.

आता नुकसान. जेल हवेत वाळत नाही, लॅम्पच्या प्रकाशात त्यातली मिथॅक्रिलेट नावाची रसायनं एकमेकांना जोडली जातात आणि कडक थर तयार होतो, तो नखाला घट्ट धरून बसतो. आणि एका कोपऱ्यातून थोडं सुटलं की आपल्याला राहवत नाही, टीव्ही बघता बघता ओढून काढतो, तिथेच घात होतो! त्या जेलबरोबर नखाचे वरचे पापुद्रे निघून येतात, मग नख पातळ, पांढरे खडबडीत डाग, गरम पाणी लागलं तरी झोंबतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवीन यायला सहा महिने, तोवर ते पातळ नख कापत कापत दिवस काढायचे. क्रीम लावून पापुद्रे परत येत नाहीत, कोणी कितीही महागडं सीरम विकू दे.

मग काढायचं कसं? वरचा चकचकीत थर हलक्या हाताने फाइल करायचा, ॲसिटोनचा कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं बसायचं, थर सुटा झाला की लाकडी काडीने अलगद सरकवायचा, निघत नसेल तर परत गुंडाळायचं, खरवडायचं नाही. ॲसिटोनने कातडी आणि नख कोरडं पडतं म्हणून नंतर खोबरेल तेल चोळा. पार्लरमध्ये घाई असली की काही जणी सरळ ड्रिल मशीन फिरवतात, नखाला गरम लागलं किंवा दुखलं तर हात मागे घ्या, पैसे आपण देतोय ना.

ॲलर्जीचं मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. ऑनलाइन किट मागवून घरी लावताना जेल कडेच्या कातडीवर जातं, लॅम्प हलका असतो, थर आतून कच्चा राहतो, आणि हे कच्चं जेल वारंवार कातडीला लागलं की एखादीला ॲलर्जी बसते. बोटं खाजतात, लाल होतात, सालपटं निघतात, कधी पापण्यांवर पुरळ येतं कारण हात सारखा डोळ्यांकडे जातो. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि ह्याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये, गुडघ्याच्या ऑपरेशनमधल्या सिमेंटमध्ये वापरतात, त्यामुळे पुढे तिथेही अडचण येऊ शकते. ॲलर्जीपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे, जेल प्रकाशात कडक व्हायला मदत करणारा टीपीओ नावाचा एक घटक युरोपियन युनियनने 1 सप्टेंबर 2025 पासून नेल प्रॉडक्ट्समध्ये बंदच केलाय, बाटली घेताना टीपीओ-फ्री लिहिलंय का बघा.

आणि लॅम्प. एलईडी आहे ताई, यूव्ही नाही, असं सांगतात ना, तर त्या एलईडीमधूनही यूव्हीए किरणंच येतात, त्याशिवाय जेल कडक होणार कसं! 2023 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं संशोधन आलं, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी सलग 20 मिनिटं लॅम्पखाली ठेवल्या तर 20 ते 30 टक्के मेल्या. पण ह्या नुसत्या ताटलीतल्या पेशी होत्या, त्यावरून जेल लावणाऱ्या बायकांना कॅन्सर होतो असं सिद्ध होत नाही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरू दे. हातांना आधी सनस्क्रीन लावा किंवा बोटं उघडी राहणारे ग्लोव्ह्ज घाला, झालं काम.

काही जणी म्हणतात नखाला श्वास घेऊ द्यावा, अहो नख श्वास घेत नाही, त्याला जे मिळतं ते आतल्या रक्तातून. तरी मध्ये काही आठवडे गॅप घ्याच, कारण जेलखाली काय चाललंय ते दिसत नाही. कडा सुटून आत पाणी साचलं तर नख हिरवट होतं, तो बॅक्टेरियाचा प्रकार असतो, त्यावर नवीन कोट मारून झाकू नका, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि ऑपरेशन किंवा डिलिव्हरीची तारीख जवळ असेल तर जेल आधीच काढून जा, बोटाला लावतात ते ऑक्सिजनचं मशीन गडद रंगावरून कधी कधी चुकीचं रीडिंग दाखवतं आणि ऐनवेळी तिथे ॲसिटोन आणि फॉइल घेऊन कोण बसणार?

चला, आता एक गाणं ऐकूया, तोवर तुमचे प्रश्न पाठवा.